जाळीखाली ओढा आहे

(पुण्याच्या सहकारनगर परिसरातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झालेलं व्याख्यान. वक्त्या रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका आहेत. शब्दांकन करताना बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'पावसाळी पाण्याचं प्रदूषण आणि नागरिकांचा सहभाग'. मला बोलायचंय ते रस्त्याच्या कडेच्या लोखंडी जाळीबद्दल. पाऊण तास जाळीवर काय बोलणार, असं घरी विचारलं गेलं. मी म्हटलं, वेळच पुरायचा नाही, बघा.

परवा वळीव झाला. पर्वतीच्या मागून आभाळ भरून आलं, धूळ उडाली, टपोरे थेंब पडले आणि सगळ्यांनी खिडक्या उघडून मातीचा वास घेतला. मी छत्री घेऊन खाली उतरले आणि आमच्या फाटकाबाहेरच्या जाळीपाशी जाऊन उभी राहिले. दर वर्षी उभी राहते. वॉचमन काकांना आता सवय झालीये, ते खुर्ची आणून देतात.

पहिली काही मिनिटं जाळीपर्यंत पाणी येतच नाही. तापलेला रस्ता ते पिऊन टाकतो. मग येतं ते काळपट, वर पिवळसर फेस, आणि त्या फेसावर इंद्रधनुष्यासारखे तेलाचे पट्टे. त्यातून वाहत येतात गुलमोहराच्या पाकळ्या, सिगारेटची थोटकं, गुटख्याच्या पुड्या. आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. ते बारके निळे-पांढरे त्रिकोण असतात ना, तेच. परवा मी मोजले. वीस मिनिटांत चौदा. आमच्या एका जाळीत. पिशवी आपण धुऊन, वाळवून, सुक्या कचऱ्यात देतो. कोपरा ओट्यावरून खाली पडतो, केराबरोबर बाहेर जातो, आणि एवढासा तुकडा वेचायचा कुणी? म्हणून कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीला लटकता ठेवा. हे खरं तर शेवटी सांगायचं होतं, पण आठवलं तेव्हा सांगून टाकते.

तर वीस-पंचवीस मिनिटांनी तेच पाणी मातकट झालं, आणि मग बरंचसं नितळ. तांदूळ धुताना बघा, पहिलं धुवण पांढरंफेक निघतं, तिसऱ्या पाण्याला तांदळाचा दाणा न् दाणा दिसतो. ऑक्टोबरात पाऊस गेल्यापासून मेपर्यंत रस्त्यावर, गच्चीवर, पार्किंगमध्ये जे काही सांडलं, गळलं, झिजलं, त्याचं ते पहिलं धुवण. टायर झिजतात, ब्रेक झिजतात, गाड्यांचं ऑइल थेंब थेंब गळतं. सात-आठ महिने ते तिथेच पडून असतं. आणि पहिल्या अर्ध्या तासात सगळं एकदम उतरतं. कुठे? जाळीत. जाळीतून कुठे?

हा प्रश्न मी आतापर्यंत किती जणांना विचारला असेल! वर्गात विचारला, सोसायटीत विचारला, रिक्षात बसल्यावर विचारला. दहातले आठ जण म्हणतात, "ड्रेनेजला." नाही हो! इथेच सगळी गडबड आहे. आपल्याकडे दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर यांचं पाणी ड्रेनेजच्या लाइनमध्ये जातं आणि ती लाइन मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. विठ्ठलवाडी, एरंडवणे, बोपोडी, भैरोबा नाला, मुंढवा, अशी केंद्रं आहेत गावात. ती पुरेशी आहेत का, हा वेगळा आणि गंभीर विषय. पण निदान वाटेत केंद्र आहे. रस्त्यावरच्या जाळीखाली असते ती पावसाळी लाइन. तिच्या वाटेत काहीच नाही. गाळणं नाही, टाकी नाही, माणूस नाही. ती सरळ जवळच्या ओढ्यात उघडते. पावसाचं पाणी स्वच्छ असतं, त्याला शुद्ध कशाला करायचं, या हिशोबाने ती बांधलेली आहे. हिशोब बरोबर आहे. वरून येतं तेव्हा ते स्वच्छच असतं.

आपला ओढा म्हणजे आंबील ओढा. कात्रजच्या तलावाकडून येतो, धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, मग पर्वतीच्या पायथ्याकडून दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. पूर्वी हा ओढा गावातून वाहायचा. पेशवाईत नानासाहेबांनी तो वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. ज्या तळ्यातल्या गणपतीला आपण अजूनही तळ्यातला गणपती म्हणतो, ते तळं म्हणजे आजची सारसबाग. त्याच काळात कात्रजहून नळ घालून शहरात पाणी आणलं. म्हणजे ज्या खोऱ्यातून आपल्या पणज्यांनी हौदावरून घागरी भरल्या, त्याच खोऱ्याला आपण आज नाला म्हणतो. मला हा शब्द फार लागतो. नाला म्हटलं की काहीही टाकायला मोकळीक मिळते. २५ सप्टेंबर २०१९ च्या पुराच्या रात्री तो नाला नव्हता. या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांच्या पार्किंगमध्ये तो आला होता, टांगेवाले कॉलनीत काय झालं ते आपण सकाळी जाऊन पाहिलंय. शहर आणि परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक माणसं गेली.

ओढा मुठेला मिळतो, मुठा संगमावर मुळेला, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला. भीमेवर उजनी. सोलापूरचे लोक उजनीचं पाणी पितात. आणि उजनीच्या खाली पंढरपूर. चंद्रभागा म्हणजे भीमाच, पंढरपुरात ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. आता पंधरा-वीस दिवसांत पालख्या येतील. भवानी पेठेत, नाना पेठेत माउली आणि तुकोबांच्या पालख्यांचा मुक्काम असेल, आपण जाऊन वारकऱ्यांना खाऊ घालू, पायांना तेल लावू. मी रसायनशास्त्राची बाई आहे, तेव्हा माझ्या बादलीतला साबण जसाच्या तसा पंढरपूरला पोचतो असं मी म्हणणार नाही. मध्ये दोनशेहून जास्त किलोमीटर आहेत, धरण आहे. पण धुण्याच्या पावडरीत, खतात, शेणामुतात जो फॉस्फरस असतो तो हवेत उडून जात नाही. तो गाळात बसतो, शेवाळ्याच्या पोटात जातो, जलपर्णीच्या पानात जातो. पाषाण तलावावर, मुळा-मुठेवर जी जलपर्णी पसरते ती काही पाण्यावर जगत नाही, त्यातल्या नत्र-फॉस्फरसवर जगते. उन्हाळ्यात उजनी हिरवी दिसते, तीही त्यामुळेच.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगताच येत नाही.

तीन वर्षांपूर्वी, एप्रिलमधला रविवार. आमच्या रस्त्यावर एका इमारतीचं काम चालू होतं. आपल्या भागात पुनर्विकास कुठे चालू नाही? सकाळी दूध आणायला गेले तर रस्त्याच्या कडेने दुधासारखी राखाडी धार वाहत होती. मिक्सर धुत होते. मी त्या मुलाला विचारलं, "बाळा, हे पाणी कुठे जातं?" तो म्हणाला, "ड्रेनेजला, काकू." मी मुकादमाला विचारलं. तोही म्हणाला, "ड्रेनेजला." मग मी दुधाची पिशवी हातात घेऊन धारेबरोबर चालायला लागले. एका जाळीत ती गेली. मी पुढच्या जाळीवर वाकले, खाली राखाडी पाणी. त्याच्या पुढच्या जाळीवर, खाली राखाडी पाणी. चौथी जाळी मातीने बुजलेली. पाचवीत पुन्हा दिसलं. अशी चालत चालत ओढ्याच्या कठड्यापाशी पोचले. तिथे भिंतीतून एक पाइप बाहेर येतो, त्यातून ते पाणी ओढ्यात पडत होतं आणि काठाच्या दगडांवर पांढरा थर धरला होता. खाली दोन पोरं बरणी घेऊन गप्पी मासे धरत होती. त्यातलं धाकटं मला म्हणालं, "आजी, आज मासे खालच्या अंगाला पळालेत."

मी घरी आले. टीपकागदाच्या पट्ट्यांना हळदीची पेस्ट लावली आणि वाळवल्या. साधा प्रयोग आहे, सातवी-आठवीच्या मुलांकडून मी वर्षानुवर्षं करून घेतलाय. हळदीला चुना लागला की ती लाल होते. पदराला हळदीचा डाग पडला आणि वर साबण लावला की डाग लाल होतो, हे इथल्या प्रत्येक बाईने पाहिलंय. म्हणजे पाणी अल्कधर्मी असलं की हळद सांगते. ओल्या सिमेंटचं पाणी फार कडक अल्कधर्मी असतं, गवंड्यांच्या बोटांना भेगा पडतात त्या त्यामुळेच. माशाचे कल्ले म्हणजे आपल्या बोटांपेक्षा किती नाजूक! दुपारी पुन्हा गेले, पट्टी त्या पाइपखाली धरली. कुंकवासारखी झाली, मंडळी. ती पट्टी घेऊन मी मुकादमाकडे गेले. त्याने ऐकलं, हे मी आवर्जून सांगते. बाजूला मातीत खड्डा केला, त्यात मिक्सर धुवायला लागले. निवळ वर राहते, गाळ खाली बसतो, वाळला की राडारोड्याबरोबर उचलायचा. एका दिवसात काम झालं.

मला वाटलं, आपण जिंकलो. उत्साहात मी आमच्या सोसायटीतलं पावसाळी चेंबर उघडायला लावलं. एप्रिल महिना. ऑक्टोबरपासून थेंब नाही. पावसाळी चेंबर कसं असायला हवं? कोरडं ठणठणीत. वॉचमन काकांनी झाकण सरकवलं, तर आत पाणी. वर फेस. आणि वास ओळखीचा, रोजचा, आमच्या घरातला. दोरीला पट्टी बांधून आत सोडली. लाल.

हात वर करा बरं, ज्यांचं वॉशिंग मशिन गॅलरीत आहे. बघा, निम्म्याहून जास्त. आमच्याही इमारतीत तेच. इमारत १९८० च्या दशकातली, तेव्हा मशिनं नव्हती. गॅलरीत पावसाचं पाणी जायला एक भोक, त्याला पाइप, पाइप पावसाळी चेंबरला. पुढे लोकांनी गॅलऱ्या बंद केल्या, मशिनं ठेवली, आणि मशिनची नळी त्या भोकात सोडली. पाणी जातंय ना, मग झालं. आमच्या लाइनीत पाच घरं, आणि त्यातलं पहिलं घर माझं. बारा वर्षं. वर्गात मी मुलांना फॉस्फेट आणि शेवाळं शिकवत होते आणि माझ्या मशिनचं पाणी आठवड्यातून पाच दिवस आंबील ओढ्यात जात होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी प्लंबर मामांना बोलावलं. ते म्हणाले, सव्वा इंची पीव्हीसी टाकू, भिंतीला भोक पाडून न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे ड्रेनेजला जाणाऱ्या मोरीच्या तोंडाला जोडू. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्याकडचं झालं. राहिली चार घरं. त्या चार घरांसाठी चौदा महिने लागले. सर्वसाधारण सभेत विषय मांडला, तर पार्किंगच्या पट्ट्यांवर दीड तास चर्चा झाली आणि माझ्या विषयाला पाच मिनिटं. "इतकी वर्षं असंच आहे" हे एक उत्तर. "भाडेकरू आहेत, मालक परदेशात" हे दुसरं. तिसरं मला सगळ्यात जास्त लागलं. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, सगळ्या शहराचा मैला नदीत जातो, तिथे माझ्या मशिनचं काय घेऊन बसलात?"

हा प्रश्न टाळून चालणार नाही. खरं आहे, मुळा-मुठेचं सगळ्यात मोठं दुखणं हे शुद्ध न केलेलं मैलापाणी आहे. ते काम पालिकेचं, सरकारचं. जपानच्या कर्जातून नवी केंद्रं बांधायचा प्रकल्प आहे, तो पुरा व्हायला हवा आणि आपण त्याचा जाब विचारत राहायला हवा. पण उद्या सगळी केंद्रं उत्तम चालली, तरी जाळीतलं पाणी त्यांच्याकडे जाणारच नाही. त्या पाण्याला केंद्र नाही, कधी बांधलं जाईल असं दिसत नाही. पाणी जाळीत शिरायच्या आधी जी दहा-वीस पावलं वाहतं, तेवढंच त्याचं केंद्र. ती पावलं आपल्या फाटकातली आहेत. हे मी त्या सभेत नीट बोलू शकले नाही, आवाज चढला माझा. आज इथे शांतपणे सांगतेय.

शेवटी माझ्या बोलण्याने काही झालं नाही. साबणाचा मळ आणि कपड्यांचे तंतू बसून बसून गॅलरीचा पाइप आतून तुंबला होता. पुढच्या जूनच्या एका जोरदार सरीला गच्चीचं पाणी त्यात उतरलं आणि तळमजल्यावरच्या आजींच्या गॅलरीत फेसासकट उलटलं. आजींचे पापड वाळत होते तिथे. त्या आठवड्यात चारही घरांची जोडणी झाली. गेल्या महिन्यात मी चेंबर उघडून पाहिलं. आत एक सुकलेलं पिंपळपान आणि कोळ्याचं जाळं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

चिठ्ठी आली आहे. आठ मिनिटं. अरे देवा, पत्रिकेवरचा विषय तर आता सुरू होतोय. भरभर सांगते, लिहून घ्या.

वॉशिंग मशिन झालं. त्याच्या उलट चूकही असते. गच्चीचा पाइप ड्रेनेजला जोडलेला असतो. चार हजार चौरस फुटांची गच्ची धरा, तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर साडेअठरा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे जवळजवळ दोन टँकर. ते आंघोळीच्या पाण्यासाठी बांधलेल्या लाइनीत घुसलं की रस्त्यावरचं ड्रेनेजचं झाकण उडतं, मैला वर येतो, आणि तो कुठे जातो? शेजारच्या जाळीत. तेव्हा गच्चीचा पाइप कुठे जातो ते बघा. ड्रेनेजमध्ये जात असेल तर सोडवा आणि जमलं तर शोषखड्ड्यात किंवा बोअरमध्ये घ्या, पण आधी गाळणी बसवून आणि पहिल्या पावसाचं धुवण बाहेर काढून.

पावसाच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात, गच्ची आणि पार्किंग झाडूने कोरडं झाडून घ्या. पाइप लावून धुऊ नका, सगळं जाळीत जातं. पार्किंगच्या फरशीला अ‍ॅसिड तर मुळीच नको. गाडीखाली ऑइलचा डाग असेल तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा माती टाका, दोन दिवसांनी भरून पिशवीत. गाडी रोज धुवायची गरज नाही, ओल्या फडक्याने पुसा आणि बादली बागेच्या मातीत ओता. ज्यांच्या ओळखीचे गॅरेजवाले असतील त्यांनी त्यांना सांगा, काढलेलं ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे, कॅनमध्ये साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याला द्यायचं.

चेंबर साफ केल्यावर गाळ तिथेच काठावर ठेवतात, हे आपण दर वर्षी पाहतो. पहिल्या सरीत तो परत आत. गाळ उचलला जाईपर्यंत माणसाला सोडू नका, चहा पाजा, पण गाळ न्यायला लावा. रस्त्यावरची जाळी असेल तर पालिकेच्या पीएमसी केअरवर तक्रार करा आणि लिहिताना 'पावसाळी चेंबर' की 'ड्रेनेज चेंबर' हे स्पष्ट लिहा. नाहीतर भलत्या खात्याची माणसं येतात आणि परत जातात.

बांधकामाची वाळू-खडी रस्त्यावर उघडी असेल तर ताडपत्री आणि कडेने विटांची एक रांग. रंगाचे ब्रश न्हाणीघरात धुवायचे, जाळीवर नाही. पालापाचोळा पाण्यात कुजला की पाण्यातला प्राणवायू खातो, म्हणून तो जाळीत ढकलायचा नाही. जाळायचाही नाही, खड्ड्यात कुजवायचा. कुत्रा फिरवायला नेणाऱ्यांनी कागद न्यावा आणि घाण आणून घरच्या संडासात टाकावी, तिथून ती केंद्राकडे जाते. झाडांच्या बुंध्याभोवती फरसबंदी केली असेल तर एक-एक फूट तरी मोकळी करा, मातीला पाणी पिऊ द्या.

गणपतीचं राहिलं! घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेटमध्ये पीओपीची मूर्ती विरघळवतात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलेली ती पद्धत चांगली आहे. पण उरलेलं पाणी अमोनियम सल्फेटचं असतं. ते खत आहे. भरपूर पाणी घालून झाडांना थोडं थोडं द्यायचं. जाळीत ओतलं तर जलपर्णीला खुराक. शाडूची मूर्ती असेल तर प्रश्नच नाही, माती कुंडीत.

दोन मिनिटं उरली असं सांगतायत. बाहेर चहाच्या टेबलावर एक डबी ठेवली आहे, त्यात हळदीच्या शंभर पट्ट्या आहेत, काल रात्री केल्यात. प्रत्येकी दोन घ्या. एक घरी चुन्याच्या निवळीत बुडवा म्हणजे लाल म्हणजे किती लाल ते डोळ्यांत बसेल. दुसरी सोसायटीच्या पावसाळी चेंबरसाठी. पाऊस पडलेला नको, म्हणजे उद्या-परवाच करा. झाकण एकट्याने उचलू नका, पाठ धरते. आत वाकू नका, वायू असतो. पट्टी दोरीला बांधून वरून सोडा. आणि चेंबर कोरडं निघालं तर मला फोन करा. लाल निघाली तर आधी स्वतःच्या गॅलरीतली नळी कुठे जाते ते बघा आणि मग फोन करा, प्लंबर मामांचा नंबर देते.